अनुस्वार

सियागंजातल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर
अजून लिहिलेलं आहे: मुळ्ये अँड सन्स, तराजू व वजनकाटे.
सन्स कधी झालेच नाहीत. मी झाले, मग शरयू,
तोवर पाटी रंगवून वाळलीसुद्धा होती.

बाबा म्हणाले, वेबसाइट कर, पण खोटं लिहू नकोस.
म्हटलं, मग पहिल्या ओळीपासूनच अडचण आहे.

पहिली ओळ साठेक अक्षरांत बसवायची असते,
शोधणाऱ्याला आधी तीच दिसते, निळ्या रंगात.
बाबांनी वहीच्या पानावर लिहून दिलं,
‘सचोटी हेच आमचे भांडवल’.
बाबा, सचोटी कुणी शोधत नाही हो.
शोधलीच तर निबंधासाठी.
रात्री सव्वाअकराला ज्याचा काटा अडकतो
तो लिहितो ‘वजनकाटा दुरुस्ती इंदूर’,
तेही घाईत, वेलांट्या चुकवत.

नुसतं ‘काटा’ टाकून पाहिलं आम्ही दोघांनी.
पायातला काटा काढायचे घरगुती उपाय.
माशाचा काटा घशात अडकल्यास काय करावे.
अंगावर काटा आणणाऱ्या सात भूतकथा.
बावन्न वर्षं एकाच गल्लीत,
आणि आम्ही कुठेच नाही.

इथे लोक हिंदीत शोधतात, मी म्हटलं,
आणि पानोपानी ‘कांटा’ केलं.
बाबांनी प्रिंट काढायला लावले,
लाल पेनानं एकेक अनुस्वार खोडला.
आपल्या शब्दावर टिंब नाही.
मी मुकाट्यानं सगळी टिंबं काढली.

नवलखाच्या एका इलेक्ट्रॉनिक काटेवाल्यानं
पानाच्या तळाशी, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत,
एकच शब्द ऐंशी वेळा लपवला होता.
हे मात्र बाबांना समजवावं लागलं नाही.
‘म्हणजे पारड्याखाली लोहचुंबक. काटा मारतोय.
त्याला शिक्केवाला इन्स्पेक्टर नाही का?’
आहे. पण कधी येईल ते सांगून येत नाही.
‘आमचाही तसाच यायचा.’

आणि दुसऱ्यांनी आपलं नाव घ्यावं लागतं, बाबा.
‘कुणीही?’
ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्यानं.
बराच वेळ ते चष्मा पुसत बसले.
मग सराफ्यातल्या झंवरशेठना फोन लावला,
ज्यांच्याशी एका रत्तीवरून
एकवीस वर्षं अबोला होता.
आता त्यांच्या पानावर आमचं नाव आहे,
त्यावर बोट ठेवलं की आमचं दार उघडतं.

फोटोखाली, ज्याला फोटो दिसत नाही
त्याच्यासाठी एक ओळ लिहायची पद्धत आहे.
मी लिहिलं: पितळी दांडी, मधोमध पोलादी धार,
दांडी स्थिर करणारी म्हाताऱ्या माणसाची दोन बोटं.
मग पुढे लिहिलं: त्यानं श्वास रोखलेला आहे.
फोटोत हे दिसत नाही. पण खोटं नाही.

एकोणीस दिवस काहीच नाही.
अठ्ठावीस जणांना दिसलो, आत कुणी आलं नाही.
मग दुपारी मनावरहून एका बाईंचा फोन.
अंगणवाडीतला बाळं तोलायचा काटा
रिकामा असतानाच तीनशे ग्रॅम दाखवतो.
कधीपासून ते ठाऊक नाही.
कागदावर सगळी बाळं चांगली आहेत.

बाबा बसून बोलत होते, ते उभे राहिले.
मशीन कुठलं, स्प्रिंग कुठली, टांगता कुठे,
वीस मिनिटं विचारत राहिले,
पैशांचं बोलायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी मी पाहिलं, बाई कोणत्या शब्दानं आल्या.
‘बच्चा तोलने का कांटा’.
संपर्काच्या पानावर, पत्त्याच्या खाली,
लाल पेनातून सुटलेला एक,
माझ्याही नजरेतून सुटलेला.
बाबांना दाखवला.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून
पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पाहिला
आणि विचारलं, मनावरची पहिली बस कितीला?

सकाळी सहाला ते खिडकीशी बसले होते,
शिक्का मारलेलं पाच किलोचं वजन
टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन.